लढलो नव्हे, लडलो

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या लडलो या गावाविषयी मी चार ओळी लिहिल्या आणि छपाईत त्याचं ‘लढलो’ झालं. त्यावर साताऱ्याच्या एका वाचकाने पोस्टकार्ड पाठवलं: ‘ताई, तिथे कुणाशी लढलात?’ लढले की. एका घरमालकिणीशी, जिन्यावरून. ते पुढे येईलच. पण त्या चार ओळींनी एवढी पत्रं आणली, की या वेळी सगळे प्रश्न त्या एका गावाचेच घेतले आहेत. बांधकाम खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईला गावाबद्दल विचारलं तर ती भिंती आणि गटारं आधी सांगणार, हे गृहीत धरून वाचा.

प्रश्न : ताई, आमची लेक बर्मिंगहॅमला असते. जूनमध्ये तिच्याकडे जातोय. लंडन मागच्या खेपेला झालं. जावई म्हणतात, या वेळी एखादं छोटं गाव बघा. पण आमचं अर्धं आयुष्य पन्हाळा बघण्यात गेलं. तिथला पडका किल्ला बघून आम्हाला काय मिळणार? शिवाय ह्यांचे गुडघे दुखतात, आणि आम्ही दोघंही शाकाहारी. (एक वाचक, कोल्हापूर)

काकू, आधी गुडघे. बर्मिंगहॅमहून रेल्वेने श्रूझबरीला जा, तासाभराचा प्रवास. तिथे गाडी बदलली की अर्ध्या तासात लडलो. थेट गाडी नाही, त्यामुळे बॅग एकच घ्या. स्टेशनाजवळ एक सुपरमार्केट आहे, त्याचं छप्पर मागच्या टेकड्यांसारखं लाटेत वळवलंय. असल्या दुकानाला पत्र्याचा डबा ठोकून देतात, इथे कुणीतरी विचार केलाय. तिथून गाव चढावर आहे. दहा मिनिटांची चाल, पण सावकाश जा.

राहायची खोली आधी विचारून घ्या. मला ‘जिना अगदी छोटा’ असं सांगितलं होतं. छोटा होताच, म्हणजे अरुंद. चारशे वर्षांचं घर, गोल फिरणारा, पायाखाली झिजलेला जिना, आणि माझी बॅग दुसऱ्या वळणावर अडकली ती पुढेही जाईना आणि मागेही. मी मालकिणीला म्हटलं, ही पायरी आमच्या खात्यात पास झाली नसती. ती म्हणाली, तेव्हा तुमचं खातं नव्हतं. मग दोघींनी मिळून बॅग उपसली आणि तिने चहा केला.

आता किल्ला. तुम्ही पन्हाळा डोळ्यासमोर ठेवून जाल तर पहिल्या पाच मिनिटांत म्हणाल, एवढंच? आकाराने पन्हाळ्यापुढे काहीच नाही. चढायचंही काही नाही. बाजारचौकातून सरळ दरवाज्यात शिरायचं, समोर मोठं सपाट हिरवळीचं आवार. यजमानांना तिथल्या बाकावर बसवा. पुढे कोरडा खंदक, त्यावर पूल, आणि आत बालेकिल्ला. हा खंदक खडकात खणलाय आणि त्यातून निघालेलाच दगड तटाला वापरलाय. आपल्याकडे गडावर टाक्यांतून काढलेला दगड तटाला लावतात तसंच. लेसी नावाच्या नॉर्मन घराण्याने हे काम अकराव्या शतकाच्या अखेरीस सुरू केलं. पलीकडे वेल्सचा मुलूख, आणि तिथल्या लोकांवर नजर ठेवायला सरहद्दीवर अशा किल्ल्यांची माळच होती.

आत गेलात की एक गोल इमारत एकटीच उभी दिसेल. छप्पर नाही. ते बाराव्या शतकातलं प्रार्थनामंदिर, मेरी मॅग्डलीनच्या नावाचं. जेरुसलेमच्या पवित्र थडग्याचं देऊळ गोल, म्हणून हेही गोल. दरवाज्याच्या कमानीवर नागमोडी नक्षी आहे, आत भिंतीला लागून छोट्या कमानींची रांग. त्या नक्षीचे कंगोरे नऊशे वर्षांच्या पावसात अजून हाताला लागतात. मी तिथे वीस मिनिटं होते. माझा भाऊ तेवढ्यात सगळा किल्ला बघून परत आला.

मागच्या बाजूला दिवाणखाने आणि राहायच्या खोल्या. मजल्यांच्या फळ्या गेल्यात, त्यामुळे शेकोट्या भिंतीत अधांतरी लटकलेल्या दिसतात. त्यांच्यावरून मजले मोजता येतात. एक आख्खा बुरूजच शौचकुपांसाठी बांधलेला आहे, तोही बघा, लाजू नका. गडावर शेदोनशे माणसं राहत असतील तर पहिला प्रश्न तोच असतो.

पण तुम्ही विचारलंत, आम्हाला काय मिळणार. मला जे मिळालं ते सांगते. आपल्याकडे गड असतो वर आणि गाव पायथ्याशी. गड पडला तरी गाव आपलं शेतीवर चालतं. लडलोचं तसं नाही. किल्ला झाला म्हणून दरवाज्यासमोर बाजार भरला, बाजारासाठी आखीव रस्ते पाडले, रस्त्यांच्या कडेला पुढून अरुंद आणि मागे लांबच लांब असे प्लॉट दिले. नॉर्मन लोकांची नगररचना. ते रस्ते अजून त्याच रेषेत आहेत, आणि किल्ल्याच्या दारात अजून बाजार भरतो. मी गेले तेव्हा एकजण चीज विकत होता, शेजारी एकजण जुनी कुलपं. किल्ल्याचं छप्पर गेलं, बाजार राहिला.

छप्पर कसं गेलं हेही ऐका, कारण लढाईत गेलेलं नाही. वेल्स आणि सरहद्दीचा कारभार बघणारं एक मंडळ होतं, त्याची कचेरी या किल्ल्यात. त्यामुळे लडलो ही जवळजवळ दुसरी राजधानीच. वकील, कारकून, दाव्यांसाठी आलेले लोक, सगळ्यांना गावात खोल्या लागत. १६८९ मध्ये ते मंडळ बंद झालं. कचेरी उठली, डागडुजी थांबली, छपरावरचं शिसं काढून नेलं. शिसं गेलं की पाणी आत, पाणी आत आलं की तुळया कुजल्या, तुळया गेल्या की मजले. बाकीचं पावसाने केलं. मी नोकरीत जेवढ्या सरकारी इमारती मेलेल्या पाहिल्या त्या सगळ्या याच क्रमाने मेल्या.

किल्ल्यातून बाहेर आलात की सेंट लॉरेन्सचं चर्च. बाजारातल्या घरांमागे लपलंय, बोळातून जावं लागतं. मनोरा १५७ फूट, वर जायला सुमारे दोनशे पायऱ्या. यजमानांना अजिबात नेऊ नका, तुम्ही जा. त्यांना खाली गायकवृंदाच्या जागेत बसवा आणि बाकांच्या फळ्या उचलून दिसतात तेवढ्या बघायला सांगा. मध्ययुगात पाद्र्यांना तासन् तास उभं राहून प्रार्थना म्हणावी लागे. टेकता यावं म्हणून बाकाची फळी वर केली की तिच्या खाली छोटासा आधार येई. त्या आधाराखाली, कुणाला सहसा दिसणार नाही अशा जागी, सुतारांनी मन मानेल ते कोरलंय. अशा २८ फळ्या आहेत. हंसांपुढे प्रवचन झोडणारा कोल्हा, आरसा घेतलेली जलपरी. माझी आवडती म्हणजे बिअर विकणारी बाई. तिने मापात पाप केलं, म्हणून सैतान तिला उचलून नरकाच्या जबड्यात टाकतोय. तिचं खोटं माप अजून तिच्या हातात आहे.

एवढ्या छोट्या गावाला एवढं मोठं चर्च कसं परवडलं? पामर्स गिल्ड नावाची एक धार्मिक संघटना होती, यात्रेकरूंच्या नावाची. दूरदूरचे लोक वर्गणी भरून सभासद होत आणि त्या बदल्यात मेल्यावर त्यांच्या नावाने प्रार्थना होई. आपल्याकडे देवळात कायमची पूजा लावतात ना, तसं. लोकर आणि कापडाचा पैसा त्यात आला. खिडकीच्या रंगीत काचांवर त्यांची दंतकथा आहे: राजाने भिकाऱ्याला अंगठी दिली, तो भिकारी म्हणजे संत जॉन, आणि ती अंगठी लडलोच्या यात्रेकरूंनी पवित्र भूमीतून परत आणली. इतिहास म्हणून ऐकू नका, पण वर्गणी गोळा करायला उत्तम.

मग ब्रॉड स्ट्रीट. हा रस्ता उतरायचा, चढायचा नाही, लक्षात ठेवा. वरच्या टोकाला अठराव्या शतकातली बटरक्रॉसची दगडी इमारत, तिथून खाली दोन्ही बाजूंना सरळ विटांची, पांढऱ्या खिडक्यांची घरं. त्यांतल्या कित्येक घरांच्या विटा फक्त तोंडाला आहेत, मागे जुना लाकडी सांगाडाच आहे. खाली ब्रॉड गेट, गावाच्या तटाला सात वेशी होत्या त्यांतली ही एकच उरली. आणि गंमत म्हणजे वेशीच्या डोक्यावर घर आहे, त्यात माणसं राहतात. पुढे टीम नदीवर मध्ययुगातला लडफर्ड पूल. तिथून नदीकाठाने डिनम पुलापर्यंत एक पायवाट जाते, तिला ब्रेड वॉक म्हणतात. ती बांधणाऱ्या मजुरांना मजुरी पावात दिली, रोख दिली तर दारूत जाईल म्हणून, असं सांगतात. ही मला गावातली सर्वांत छान वाट वाटली. पलीकडे तट, त्यावर झाडं, खाली बंधाऱ्यावरून पडणारं पाणी. लडलो नावातल्या पहिल्या भागाचा जुना अर्थच ‘गोंगाटाचं’ असा आहे, तो याच पाण्यामुळे. दुसऱ्या भागाचा अर्थ टेकाड.

त्या टेकाडाचंही एक आहे. ११९९ मध्ये चर्च वाढवायला घेतलं, तेव्हा एक जुनं टेकाड खणलं आणि त्यात सांगाडे निघाले. तिथल्या पाद्र्यांनी जाहीर केलं, हे आयर्लंडचे संत! बांधकामाला निधी हवा असताना पाया खणताना संत सापडणं, यापेक्षा चांगला मुहूर्त नाही.

शाकाहाराची काळजी सोडा. कुठल्याही कॅफेत चीज घातलेला भाजलेला बटाटा, सूप आणि पाव मिळतो. हे गाव इंग्लंडमध्ये खाण्यासाठीच नावाजलेलं आहे, किल्ल्याच्या आवारात १९९५ पासून खाद्यमहोत्सव भरतो. पण त्यात सॉसेजचा मोठा भाग असतो, तेव्हा तुमच्यासाठी बाजारातलं चीज आणि डबा बरा. मी मेथीचे ठेपले नेले होते. दुसऱ्या दिवशी मालकीण विचारत होती, उरलेत का.

प्रश्न : मी सुतारकाम करतो. फोटोत तिथली काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लाकडी घरं पाहिली. एवढी वर्षं लाकूड टिकलं कसं? वाळवी लागत नाही का? (एक वाचक, राजापूर)

सगळ्यांत चांगला प्रश्न तुमचा. वाळवी तिथे नाही, हा पहिला फायदा. लाकूड पोखरणारे भुंगे आहेत, पण त्यांना ओलसर लाकूड आवडतं. छप्पर नीट असेल तर ते फारसे फिरकत नाहीत.

लाकूड ओकचं, आणि ते ओलं असतानाच कापून बसवलेलं. एका लाकडाला कूस काढायची, दुसऱ्यात तिच्या मापाचं भोक, आणि आरपार लाकडी खुंटी. खिळा नाही. लाकूड वाळताना आवळतं आणि सांधा घट्ट होतो. म्हणून तुळया अशा वाकड्या, मजले कललेले दिसतात. ते म्हातारपणामुळे नाही, पहिल्या काही वर्षांतच वाकलेत. सांगाडा आवारात जमिनीवर जुळवायचे, प्रत्येक सांध्यावर रोमन आकड्यांसारख्या खुणा करायचे, आणि मग सुटा करून जागेवर उभा करायचे. जुन्या घरांत त्या खुणा अजून सापडतात. खांबांच्या मधली जागा म्हणजे आपला कूडच: काठ्या विणायच्या आणि वर माती, शेण, गवत लिंपायचं. तुमच्याकडच्या कुडाच्या घरात आणि त्यांच्यात फरक पावसाच्या कोनाचा आणि पैशाचा.

काळा रंग मात्र बऱ्याच ठिकाणी एकोणिसाव्या शतकातली हौस आहे. पूर्वी ओक तसाच सोडत, तो राखाडी पडे, किंवा सगळ्यावरून चुना फिरवत.

लडलोत एकच घर बघायचं ठरवलंत तर फेदर्सचं बघा. १६१९ मध्ये रीस जोन्स नावाच्या वकिलाने बांधलं, मागे सांगितलेल्या त्या मंडळाच्या दाव्यांवर इथे वकिली चालत असे. तीन त्रिकोणी माथे, प्रत्येक चौकटीत कोरीव तुकडे, दोन बोटं जागा मोकळी सोडलेली नाही. पुढे ते खानावळ झालं. नाव युवराजाच्या चिन्हातल्या शहामृगाच्या पिसांवरून. मला खरं तर ते थोडं भडक वाटतं. किंग स्ट्रीटवरचं पंधराव्या शतकातलं साधं लाकडी घर मला जास्त आवडलं. त्याचा वरचा मजला रस्त्यावर असा पुढे आलाय, की समोरच्या घराशी कुजबुजावं. पण तुम्ही सुतार आहात, तुम्ही फेदर्ससमोरच उभे राहाल.

प्रश्न : विजयदुर्ग आमच्या तालुक्यात. तो घेणाऱ्या क्लाइव्हच्या घराण्याकडे लडलोचा किल्ला होता असं तुम्ही लिहिलंत. खरं आहे का? (कॉलेजचा विद्यार्थी, देवगड)

खरं आहे, आणि अजून आहे. लडलोचा किल्ला आजही पॉविस इस्टेटकडे, म्हणजे क्लाइव्हच्या वंशजांच्या जहागिरीकडे आहे.

तारखा क्रमाने लाव. फेब्रुवारी १७५६: ॲडमिरल वॉटसनचं आरमार आणि क्लाइव्हचं पायदळ यांनी विजयदुर्ग, इंग्रज त्याला घेरिया म्हणत, तुळाजी आंग्र्यांकडून घेतला. आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. नानासाहेब पेशवे या मोहिमेत इंग्रजांच्या बाजूने होते, हे आपण पटकन विसरतो. आणि लूट कशी वाटायची हे इंग्रज अधिकाऱ्यांनी मुंबईहून निघण्याआधीच आपसांत ठरवून ठेवलं होतं. त्यात पेशव्यांचा वाटा नव्हता. त्याच वर्षी तह होऊन बाणकोटच्या बदल्यात विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. तोवर क्लाइव्ह मद्रासकडे गेला होता. पुढच्या वर्षी प्लासी, आणि खरा पैसा त्याला बंगालात मिळाला.

क्लाइव्ह मूळ श्रॉपशरचाच, म्हणजे लडलोच्याच परगण्यातला. लडलोच्या अगदी जवळ ओकली पार्क नावाची जहागीर त्याने विकत घेतली. १७७४ मध्ये तो वारला. त्याच वर्षी त्याचा मुलगा एडवर्ड लडलोचा खासदार झाला आणि वीस वर्षं राहिला. त्याने पॉविसच्या उमरावाच्या बहिणीशी, हेन्रिएटा हर्बर्टशी लग्न केलं. टिपूशी शेवटचं युद्ध झालं तेव्हा हा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता. परत गेल्यावर १८०४ मध्ये पॉविसचा अर्ल, आणि १८११ मध्ये त्याने लडलोचा किल्ला राजाकडून विकत घेतला.

विजयदुर्गचा रुपया लडलोच्या भिंतीत आहे असं मी म्हणणार नाही. रुपयाला खूण नसते, आणि पॉविस घराण्याकडे हा किल्ला त्याआधीपासून भाडेपट्ट्याने होता. एवढं मात्र म्हणता येईल, की किल्ला पाडून टाकायचा विचार सरकारदरबारी झाला होता आणि तो या घराण्याच्या हातात राहिल्यामुळे वाचला. त्या घराण्याच्या तिजोरीत हिंदुस्थानातला पैसा होता. किल्ल्याभोवतालची झाडांखालची फिरायची वाट त्यांच्याच काळातली, १७७२ ची. मी त्या वाटेवरून चालले तेव्हा हे डोक्यात होतं, आणि वाट तरीही सुंदर होती. दोन्ही एकदम वाटलं, त्याला इलाज नाही.

आणखी खणायचं असेल तर वेल्समधला पॉविस किल्ला बघ. तिथे क्लाइव्ह बाप-लेकांनी नेलेल्या वस्तूंचं संग्रहालय आहे, टिपूचा तंबूसुद्धा.

प्रश्न : राजपुत्राचं हृदय लडलोच्या चर्चमध्ये पुरलंय हे खरं का? (एक वाचक, पुणे)

तशी परंपरा आहे. पक्कं आहे ते एवढं: सातव्या हेन्रीचा थोरला मुलगा आर्थर, वय १५, नव्या नवरीला, स्पेनच्या कॅथरीनला घेऊन लडलोला राहायला आला आणि २ एप्रिल १५०२ रोजी इथे वारला. कॅथरीनही आजारी होती, ती वाचली. पुढे धाकट्या दिराशी, म्हणजे आठव्या हेन्रीशी तिचं लग्न झालं, मग ते मोडण्यावरून रोमशी काडीमोड, वगैरे शाळेत शिकलोच.

मला जी गोष्ट धरून बसली ती रस्त्याची. आर्थरचं शव वूस्टरला नेताना थंडी, वारा आणि पाऊस इतका होता, की बेवडलीच्या वाटेवर गाड्याला बैल जुंपावे लागले, अशी नोंद तेव्हाच्या दरबारी माणसाने केलीय. युवराजाची अंत्ययात्रा आणि चिखलात रुतलेला गाडा. मी आयुष्यभर रस्ते केले, मला तेच दिसलं.

याच किल्ल्यात त्याआधी चौथ्या एडवर्डचा मुलगा वाढला. १४८३ मध्ये बाप मेला, बारा वर्षांच्या पोराला राज्याभिषेकासाठी लंडनला नेलं, आणि तिथल्या टॉवर नावाच्या किल्ल्यातून तो परत कुणाला दिसला नाही. १५२५ मध्ये कॅथरीनची लेक मेरी, नऊ वर्षांची, इथे राहायला आली. ती तेवढी सुखरूप परत गेली.

प्रश्न : भूशास्त्राच्या पुस्तकात ‘लडलो’ नावाचा कालखंड आहे. हेच गाव का? (विद्यार्थिनी, मिरज)

हेच. सिल्युरियन काळातला तो एक भाग, सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वीचा. १८३० च्या दशकात मर्चिसन या भूशास्त्रज्ञाने या भागातले थर अभ्यासले. लडफर्ड पूल ओलांडलास की वळणावरच रस्त्याकडेच्या खडकात हाडांचा एक पातळ थर आहे, माशांच्या काट्याखवल्यांचा. जमिनीवर राहणाऱ्या सर्वांत जुन्या प्राण्यांपैकी काहींचे अवशेषही तिथेच मिळाले. बोटभर जाडीचा थर आहे, ओलांडून पुढे जाशील. मीही गेले होते, भावाने परत बोलावून दाखवला. हातोडी नेऊ नकोस, जागा संरक्षित आहे.